गोष्टीतलं केम

वन्सं, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात पोरं उभी. पुढं मल्लेशममामांची नात कीर्ती, तिच्या मागं अख्खी गल्ली. मी कणीक मळत होते. कीर्तीनं उंबऱ्यातूनच विचारलं, "काकू, आत्या केमला गेल्या का?"

बघा, काय करून ठेवलंत! ज्या एका वाक्यावरून मी आयुष्यभर तुमच्याशी भांडले, ते वाक्य माझ्या दारात आणून उभं केलंत आणि तुम्ही मोकळ्या झालात. गल्लीत घरोघरी पोरांना सांगून ठेवलं होतं, आत्या गावाला गेल्या. मोठ्या माणसांना अशा वेळी तेवढंच सुचतं. पण कुठल्या गावाला, ते कुणी सांगेना, म्हणून गोष्टी लिहिणाऱ्या दोघींपैकी जी उरली तिच्याकडं पोरं आली. मी पिठाचे हात तसेच धरून म्हटलं, "रविवारी या. नेहमीच्या वेळेला. तेव्हा सांगते."

म्हटलं खरं, पण काय सांगणार होते? हो म्हटलं तर मी हरले आणि नाही म्हटलं तर तुम्ही खोट्या ठरलात. तुम्ही जिवंत असताना मी तुम्हाला खुशाल खोटं पाडलं असतं, मजेनं पाडलं असतं. आता तो हक्क राहिला नाही असं वाटायला लागलं. तुमचे दादा म्हणाले, तुला जड जाणार असेल तर मी सांगतो पोरांना. मी म्हटलं, तुम्ही बसा गप. हे भांडण नणंद-भावजयीचं आहे.

मी या घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं होतं, "तिच्यासमोर केमचं नाव काढायचं न्हाय." तुम्ही तिथं नांदायला गेला होतात आणि मालक गेल्यावर एक पत्र्याची पेटी घेऊन परत आला होतात, एवढंच मला कळलं. आता मी पडले कुर्डुवाडीची, रेल्वेच्या वर्कशॉपातल्या कामगाराची पोर. केम आमच्या शेजारचं. माझी सख्खी मावशी तिथं दिलेली. तिच्याकडं जाऊन आले तरी मी घरात 'मावशीकडं गेले होते' म्हणायची आणि पुढचं गिळायची. एका गावाचं नाव न घेता किती वर्षं संसार करता येतो, ते मला विचारा.

आणि ते नाव पहिल्यांदा काढलंत ते तुम्हीच. आमचा सुहास तेव्हा पहिलीत होता. आपला कुत्रा खंड्या कुठंतरी काहीतरी विषारी खाऊन आला आणि दुपारपर्यंत गेला. सुहास शाळेतून आला, त्यानं रिकामी साखळी बघितली आणि भोकाड पसरलं. मी शाळेत शिकवणारी बाई. पोरांना खरं सांगावं, साध्या शब्दांत सांगावं आणि मग जवळ घ्यावं, या मताची. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही त्याला मांडीवर ओढलंत.

"खंड्या केमला गेला," तुम्ही म्हणालात. "तितं शेत हाय, म्हशी हायत, पळाय रान हाय. हितं गल्लीत त्याला कोंडल्यागत व्हायचं की."

"कशानं गेला?"

"रेल्वेनं."

"तिकीट?"

"कुत्र्याला अर्धं."

तव्यावरची माझी भाकरी करपली. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, तुमच्याकडं बघितलं आणि परत आत गेल्या. सुहासचं रडं थांबलं, पण विचारणं सुरू झालं. खंड्या आज काय करतोय? म्हशींना भितो का? तुम्ही रोज नवीन काहीतरी सांगायच्या, आणि सांगताना इतक्या वाटा फुटायच्या की मूळ कुत्रं बाजूलाच राहायचं. मला ते सहन होईना. कुणाचं लांबण लागलेलं वाक्य मला ऐकवत नाही, माहितीय तुम्हाला. म्हणून मी लिहून काढायला लागले. आपलं लेखन असं सुरू झालं, वन्सं. लोकांना मी काहीतरी बरं सांगते, पण खरं कारण माझा वैताग हेच आहे.

मग गल्लीतलं एकेक जनावर आपल्या गोष्टीत आलं. तुम्ही हेरायच्या, मी लिहायची. तुम्ही मीठ घालायच्या, मी काढायची. आणि छापायला देण्याआधी तुमचा तो नियम, ज्यावर बाहेरचं माणूस हसायचं: गोष्ट आधी ज्याची त्याला वाचून दाखवायची. रविवारी उन्हं उतरली की आपली वरात त्या त्या जनावराच्या दारात. तुम्ही वाचायच्या आणि वाचताना पोरांकडं नाही, जनावराकडं बघायच्या. बसून राहिलं तर गोष्ट पास. उठून गेलं तर परत लिहायची. कोपऱ्यावरच्या गिरणीतली मांजर दोनदा उठून गेली आणि दोन्ही वेळा तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं काही मीच तिला हाकललं. तिसऱ्यांदा मी सुरुवातीची निम्मी पानं कापली. मांजर झोपली. गोष्टही सुधारली होती, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आताही आनंदानं करत नाही.

बादशहाची गोष्ट आठवते? शबानाभाभींचा कोंबडा. एकाही कुत्र्याला न भिणारा, पहाटे झोपून भर दुपारी आरवणारा. गोष्ट झकास जमली होती. रविवारी आपण कागद घेऊन त्यांच्या अंगणात गेलो, मागं पोरं, आणि कोंबडा कुठं दिसेना. भाभी ओढणीला हात पुसत बाहेर आल्या, चेहरा एवढासा झालेला.

"क्या करूं आत्या, ससुराल के मेमान अचानक आ गए. घर में दुसरा कुछ नै था."

आतून वास येत होता, त्यामुळं पुढचं सांगायची गरज नव्हती. पोरं विचारायला लागली, बादशहा कुठाय? मी तुमच्याकडं बघितलं. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बादशा सकाळच्या गाडीनं केमला गेला. तितल्या कोंबड्या लई आळशी झाल्यात, त्यास्नी वळण लावाय." पोरं खूश. गोष्ट तुम्ही तिथंच, रिकाम्या खुराड्यापुढं उभं राहून वाचलीत. नंतर भाभींनी आपल्याला आत बसवून वाट्या पुढं ठेवल्या. तुम्ही हात लावला नाहीत. "माझ्या गोष्टीतला हाय, मी कशी खाऊ?" मी खाल्लं. गोष्टीतला तो माझ्याही होता, पण भाभींचं मन मोडवेना आणि रस्सा झणझणीत होता. घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत.

घरी आल्यावर मात्र दोघी तुटून पडलो. मी म्हटलं, पोरांनी वास घेतलाय, पिसं बघितलीत, आणि तुम्ही त्यांना कोंबडा रेल्वेत बसवून दाखवताय. तुम्ही म्हणालात, "वैनी, लेकरास्नी खरं सांगाय शाळा हाय, दवाखाना हाय, सगळं गाव हाय. आपल्याकडं ती गोष्ट ऐकाय येत्यात."

"आणि मोठी झाल्यावर तुम्हाला खोटारडी म्हणाली म्हणजे?"

"म्हनू द्यात की. तवर मी कुटं असनार हाय?"

तुम्ही हे हसत म्हणाला होतात. मीही त्या वेळी हसले होते, वन्सं. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम सुटतं.

आपलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे राजूची गोष्ट, हे मी कुणापुढंही छातीठोकपणे सांगेन. मल्लेशममामांचा कुत्रा राजू. यंत्रमागाच्या खडखडाटात दाराशी निवांत झोपायचा आणि माग थांबला की दचकून जागा व्हायचा. त्यांच्या घरात सगळे तेलुगू बोलणारे, त्यामुळं राजूला तेवढंच कळायचं. 'ये ये' करून आपला घसा सुकला तरी तो ढुंकून बघायचा नाही, आणि मामांनी 'इटु रा' म्हटलं की शेपूट हलवत हजर. तुम्ही हट्टानं गोष्टीत तसंच ठेवायला लावलंत. छापणाऱ्यांनी विचारलं, सोलापूरच्या बाहेरच्या पोरांना हे कसं कळणार? तुम्ही त्यांना फोनवर सांगितलंत, "कुत्र्याला कळतंय, पोरांस्नी न्हाय कळनार व्हय?"

गेल्या हिवाळ्यात राजू म्हातारपणानं गेला. मी गोष्टीचा शेवट बदलला. लिहिलं, 'राजू मेला. मामांनी त्याला कारखान्यामागं लिंबाखाली पुरलं आणि त्या दिवशी माग लावला नाही.' मला वाटलं, इतकं साधं आणि खरं लिहिल्यावर आता तरी तुम्ही मानाल. तुम्ही वाचलंत. परत वाचलंत. डोळे पुसलेत. मग म्हणालात, "वाक्य लई चांगलं हाय. काढून टाका."

नाही काढलं. तुम्हीही सोडलं नाहीत. पुस्तक तसंच अडकून पडलं, आणि वर तो कीर्तीचा फोन. ती कुणाच्या तरी लग्नाला आई-बापाबरोबर पुण्याला निघाली होती. गाडी केमला थांबली आणि ही खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडली, "राजू, इटु रा!" आणि तिथलं कुठलंसं कुत्रं खरंच उठून गाडीजवळ आलं. तिनं तिथूनच बापाच्या मोबाइलवरून तुम्हाला फोन लावला. "आत्या, राजू भेटला! जरा बारीक झालाय, पन शेपूट तीच हाय." तुम्ही फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडं नुसतं बघत राहिलात. त्या दिवशी तुम्ही घरभर गुणगुणत होतात. मी संतापले होते. एखाद दिवशी ही पोर चालत्या गाडीतून उतरायची, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "गाडी थांबतीय की तितं."

म्हणून या उन्हाळ्यात मी एकदाच काय ते विचारून टाकलं. दोघी चटणीसाठी शेंगा फोडत बसलो होतो. इतकी वर्षं मी मनाशी एक हिशेब धरला होता: केमला तुमचा संसार मोडला, म्हणून तुमच्या लेखी केम म्हणजे मरण. तुम्ही पोरांना खरंच सांगता, फक्त आपल्या खुणेनं सांगता. मला तेवढं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं असतं तर मी कदाचित पुस्तकाचा शेवटही सोडून दिला असता. मी म्हटलं, "वन्सं, केमला गेला म्हणजे मेला, असंच ना तुमच्या पोटात?"

तुम्ही शेंगा फोडायच्या थांबलात. "न्हाय, वैनी."

आणि मग, लग्नानंतर इतक्या वर्षांनी, मला केम कळलं. वस्तीवरचं घर, चार म्हशी, एक आंधळी शेळी, जी फक्त तुमच्या बांगड्यांच्या आवाजावर चालायची. मालक मितभाषी. तुम्ही रात्री जनावरांच्या काहीबाही गोष्टी रचून सांगायच्या आणि ते एवढंच विचारायचे, मग पुढं? "तेवढं सुख मला पुन्ना कुटं मिळालं न्हाय," तुम्ही म्हणालात. "मग ज्याच्यावर जीव हाय त्याला मी दुसरं कुटं धाडू?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आज शंभर तऱ्हांनी सुचतं. तेव्हा मात्र तोंडातून निघालं, "म्हणजे माझ्या घरात तुम्हाला सुख नव्हतं?" अख्खा जन्म दोघींनी एका चुलीवर काढला. तुमच्या आवडीची कडक भाकरी, माझी बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, आपली पुस्तकं. आणि सुख म्हणून नाव निघालं ते केमचं! जळले मी, वन्सं. त्या आंधळ्या शेळीवरसुद्धा जळले.

तुम्ही हसलात. माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "वैनी, तुमी बी ना..."

आणि बाहेर ओरड झाली, नळ आला! चार दिवसांनी आलेलं पाणी. सोलापुरात नळ आला की माणूस मयताच्या घरातूनसुद्धा उठतो. तुम्ही कळशी घेऊन पळालात, मी बादल्या घेऊन. भरता भरता अर्धा तास गेला, मग शेजारणी आल्या, मग स्वयंपाक. राहिलंच ते वाक्य. मी बी ना काय? वेडी? हावरट? की ज्याच्यामुळं दुसऱ्यांदा सुख मिळालं असं कुणीतरी? तुम्हाला आठवण करून द्यायला मला लाज वाटली, आणि घाई तरी काय होती, आपण दोघी कुठं जाणार होतो.

तुम्ही कशा गेलात ते मी लिहीत नाही. फोनवर एकमेकांना सांगून सांगून सगळ्यांनी ते गुळगुळीत केलंय. तुमच्या गादीवर आता आपली मांजर चिंगी झोपते. तुम्ही असताना मी तिला हाकलायची, म्हणून ती माझी पावलं वाजली की अजून अंग चोरते. मी म्हटलं तिला, झोप बाई. एवढंच सांगते की तुम्ही मला जे दिलंत त्याचा मला अभिमान आहे. मी नुसती खरं बोलणारी बाई होते. खरं बोलणाऱ्याचं ऐकायला पोरं उन्हं उतरायची वाट बघत बसत नाहीत. ती तुमच्यामुळं बसली, आणि बसल्यावर माझं वाक्य त्यांच्या कानात गेलं. असं जोडकाम गावात दुसऱ्या कुणाचं नाही.

सुहास तेराव्याला आला होता. जेवताना मी त्याला विचारलं, खंड्या मेला हे तुला कधी कळलं रे? त्यानं बराच विचार केला. "आठवत नाही आई. पण पुण्याहून येताना केम आलं की मी अजून खिडकीतून बघतो." तुम्हाला हे ऐकवायला मिळालं असतं तर तुम्ही महिनाभर मला जगू दिलं नसतं. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली आणि विषय बदलला.

रविवार आला. पोरं कट्ट्यावर ओळीनं बसली, शबानाभाभींची दोघंही आली. मागं मल्लेशममामा लांब उभे होते. माझ्या हातात कागद नव्हता. मी ठरवलं होतं ते सरळ सांगितलं. "आत्या वारल्या. गावाला बिवाला गेल्या नाहीत. परत येणार नाहीत." भाभींची धाकटी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. माझ्या पद्धतीप्रमाणं सगळं झालं.

कीर्ती रडली नाही. "आनि राजू?" तिनं विचारलं.

"राजूपण मेला."

"ते म्हाईतंय की. आजोबांनी पुरला तवा मीच वरनं पानी घातलं."

"मग केमला दिसला तो कोण गं?"

"तो पाठवलेला राजू," ती म्हणाली, मी वर्गात गणित पुन्हा समजवायची त्याच सुरात. "आत्यांनी पाठवलेला." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "काकू, सगळ्यांना आत्याच पाठवायच्या. मग आता आत्यांना कोन पाठवनार?"

कट्ट्यावरची सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मला म्हणायचं होतं, कुणी नाही. आत्या कुठंही जायच्या नाहीत, हे त्यांचं घर आहे, त्यांची गादी आत आहे, त्यांची गावातली माणसं ही आहेत. खरं सांगते वन्सं, ओठांवर आलं होतं. पण ते सगळं माझ्या सोयीचं होतं, आणि तुम्ही मला तुमच्या तोंडानं सांगितलं होतं की ज्याच्यावर जीव असतो त्याला कुठं धाडायचं.

"मी पाठवते," मी म्हटलं.

"आज?"

"आजच. सरकून बसा सगळे."

आणि वन्सं, मी तुम्हाला जाऊ दिलं.